पाकिटावरचं हिरवं फूल : विकिरण केलेलं अन्न आणि आपला माहितीचा हक्क



मागच्या भागात आपण 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' यांतला फरक समजून घेतला. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरातल्या पाकिटांचे फोटो पाठवले. त्यातले दोन फोटो मी बाजूला काढून ठेवले. दोन्ही मसाल्याच्या पाकिटांचे, आणि दोन्हींवर एकच खूण : हिरवं वर्तुळ, वरच्या बाजूला तुटक तुटक, आणि आत दोन पानांवर टेकलेला एक ठिपका. पटकन बघितलं तर फूलच वाटावं.

वडोदऱ्याच्या एका ताईंनी विचारलं होतं, "हे सेंद्रियचं चिन्ह आहे ना? म्हणून मी थोडे जास्त पैसे देऊन घेतलं." बेळगावच्या एका काकांनी लिहिलं होतं, "यावर रेडिएशन असं लिहिलंय. घरात ठेवायला भीती वाटते. फेकून देऊ का?"

एकाच फुलाचे दोन अर्थ, आणि दोन्ही चुकीचे. पण मी यांना हसणार नाही, कारण याच फुलापायी मी स्वतः मोठी चूक केली आहे. आधी तीच सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची न्यू जर्सीला असते. मे महिना होता. तिने तिकडच्या भारतीय दुकानातून हापूसची पेटी आणली. तिचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, आणि त्याचा तो पहिला आंबा असणार होता. तिने मला पेटीचा फोटो पाठवला आणि विचारलं, "मामा, यावर 'ट्रीटेड विथ इरॅडिएशन' असं लिहिलंय. बाळाला देऊ का रे?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "नको गं. लहान मूल आहे, उगाच विषाची परीक्षा कशाला? टाकून दे." तिने माझं ऐकलं. तिकडे हापूसची पेटी किती महाग मिळते ते तुम्हाला ठाऊक असेल. ती अख्खी पेटी कचऱ्यात गेली.

दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. "मामा, तू नको म्हणालास ते का? नेमकं काय होतं त्याने?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एका शब्दाला घाबरून सल्ला दिला होता. आठवडाभर लोकांना लेबल वाचायला शिकवणारा मी, मला ते लेबल वाचता आलं नव्हतं. आजचा हा भाग म्हणजे त्या वेळी तिला द्यायला हवं होतं ते उत्तर.

दोन शब्दांचा गोंधळ

मराठीत आपण 'रेडिएशन' म्हटलं की थेट अणुबॉम्ब आठवतो, चेर्नोबिल आठवतं. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. किरणोत्सर्गी पदार्थ म्हणजे ज्यातून स्वतःहून किरणं बाहेर पडत राहतात तो. विकिरण केलेला पदार्थ म्हणजे ज्यावरून किरणं जाऊ दिली आणि नंतर थांबवली तो. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन किरणं सोडत बसत नाही. विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली म्हणून आतला डबा किरणोत्सर्गी होत नाही.

अन्नावर हे काम बहुतेक ठिकाणी कोबाल्ट-६० या धातूच्या साहाय्याने होतं. हा कोबाल्ट पोलादी नळ्यांत बंद असतो. काम नसताना तो खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात, काम असताना वर उचलतात. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीतून अन्नाच्या पेट्या त्याच्याभोवती फिरतात आणि बाहेर येतात. अन्न आणि कोबाल्ट यांचा स्पर्श कधीच होत नाही. कोबाल्टमधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा अन्नातल्या अणूंना किरणोत्सर्गी करण्याइतकी नसते. म्हणून तर कोणती किरणं वापरायची आणि त्यांची ऊर्जा किती असावी, याला आंतरराष्ट्रीय मर्यादा घातलेली आहे.

ही किरणं करतात काय? जिवाणू, किडे, त्यांची अंडी, कांद्याचा कोंब, या सगळ्यांत वाढीची सूचना देणारा डीएनए असतो. किरणं तो मोडतात. जंतू मरतो किंवा त्याची वाढ थांबते. कांद्याला कोंब फुटत नाही.

किती किरणं?

मोजायचं एकक आहे 'ग्रे'. एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली तर तो एक ग्रे. हजार ग्रे म्हणजे एक किलोग्रे.

आपल्याकडे पदार्थांचे वर्ग पाडून प्रत्येकाची मर्यादा ठरवलेली आहे. कांदा, बटाटा, लसूण, आलं यांना कोंब येऊ नये म्हणून ०.०२ ते ०.२ किलोग्रे. ताज्या फळांतली कीड मारायला ०.२ ते १ किलोग्रे. धान्य-डाळींतली कीड मारायला ०.२५ ते १ किलोग्रे. सुक्या मसाल्यांतले जंतू कमी करायला मात्र ६ ते १४ किलोग्रे, कारण मसाल्यातले काही जंतू बीजाणूंच्या रूपात राहतात आणि ते फार चिवट असतात.

या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. १० किलोग्रे म्हणजे किलोमागे १० हजार ज्यूल. तेवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी साधारण अडीच अंशही तापत नाही. म्हणूनच या पद्धतीत मसाला शिजत नाही, त्याचा वास उडत नाही, आणि पाकीट बंद असतानाच काम होतं.

माझ्या भाचीच्या आंब्यावर किमान ४०० ग्रे, म्हणजे ०.४ किलोग्रे किरणं दिलेली होती. अमेरिकेची तशी अटच आहे. आंब्याच्या कोयीतला भुंगा आणि फळमाशी आपल्या देशात येऊ नये, ही त्यांची काळजी. बरीच वर्षं भारतीय आंब्याला तिकडे बंदी होती. २००७ मध्ये ती उठली ती याच अटीवर, आणि त्या वर्षीचे आंबे गेले ते नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून विकिरण होऊन. लासलगावचं केंद्र मुळात कांद्यासाठी उभारलेलं. मसाल्यांसाठी नवी मुंबईत वाशीला अणुऊर्जा विभागाचं केंद्र त्याच्याही आधीपासून आहे.

म्हणजे बघा, भाचीने फेकली त्या पेटीवरची ती ओळ विषाची सूचना नव्हती. त्या ओळीशिवाय तो हापूस न्यू जर्सीला पोहोचलाच नसता.

भारतात पाकिटावर काय असायला हवं

आता मुद्द्याचं. आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, याचे नियम सांगतात की पदार्थावर विकिरण केलं असेल तर पदार्थाच्या नावाजवळच तसं लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय पाकिटावर ते हिरवं फूल हवं आणि त्यासोबत काही ओळी हव्यात.

पहिली ओळ, 'प्रोसेस्ड बाय रेडिएशन', म्हणजे विकिरण प्रक्रिया केलेले. दुसरी, ही प्रक्रिया कशासाठी केली : कोंब रोखायला, कीड मारायला की जंतू कमी करायला. तिसरी, ज्या केंद्रात काम झालं त्याचा परवाना क्रमांक. चौथी, त्या केंद्राने दिलेला बॅच क्रमांक. पाचवी, प्रक्रियेची तारीख.

इथे एक गल्लत हमखास होते. प्रत्येक पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो. तो पदार्थ बनवणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा. विकिरण केंद्राचा परवाना वेगळा. तो अणुऊर्जा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे मिळतो. फूल आहे पण केंद्राचा परवाना क्रमांक आणि तारीख नाही, तर ते लेबल अपुरं आहे.

प्रक्रियेच्या तारखेचा उपयोग काय, असं एका मित्राने मला विचारलं. उपयोग असा की कांद्यावर हे काम काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच करायचं असतं. उशीर झाला आणि आतला कोंब हलला असेल, तर नंतर कापल्यावर मधला भाग काळपट निघतो. मसाल्याच्या बाबतीत, एकदा जंतू कमी केले तरी पाकीट फुटलं किंवा ओल लागली तर नवे जंतू शिरू शकतात. तारीख आणि बॅच हातात असली की तक्रार करताना माल कुठून निघाला ते शोधता येतं.

आणखी एक. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असते. मराठीत असण्याची सक्ती नाही. म्हणून 'प्रोसेस्ड बाय रेडिएशन' हे शब्द घरातल्या मोठ्यांना एकदा नीट समजावून द्या. नाहीतर ते फक्त एक भीतीदायक इंग्रजी वाक्य म्हणून राहतं.

तीन हिरव्या खुणा

वडोदऱ्याच्या ताईंचा प्रश्न आता सोपा आहे. आपल्या पाकिटांवर हिरव्या खुणांची गर्दी झाली आहे. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. 'जैविक भारत' असं लिहिलेली हिरव्या पानाची खूण म्हणजे सेंद्रिय. आणि तुटक वर्तुळातलं हे फूल म्हणजे विकिरण. या शेवटच्या खुणेचं नाव 'राडुरा'. ती नेदरलँड्समधून आली आणि आता जगभर ओळखली जाते. दोन पानं आणि ठिपका म्हणजे शेतमाल, बाहेरचं वर्तुळ म्हणजे पाकीट, आणि वरच्या तुटक रेषांतून किरणं आत शिरतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

राडुरा आणि सेंद्रिय या तर एकमेकांच्या विरुद्ध खुणा आहेत. सेंद्रिय उत्पादनाच्या नियमांत विकिरणाला जागा नाही. ताईंनी जास्त पैसे मोजले ते गैरसमजापोटी. माझं प्रामाणिक मत असं की ही खूण फार गोंडस आहे. न वाचणाऱ्याला ती 'नैसर्गिक' असल्याचा भास देते. वाचणाऱ्याला शेजारचा शब्द घाबरवतो. खुणेने जे सांगायचं ते मधेच कुठेतरी राहून जातं.

हैदराबादचा गहू

मी हैदराबादला राहतो. इथे तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. विकिरणाच्या जागतिक वादातलं एक मोठं प्रकरण या संस्थेतून सुरू झालं, आणि ते सांगितल्याशिवाय लेबलचं महत्त्व कळणार नाही.

१९७५ मध्ये इथल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कुपोषित मुलांच्या छोट्या गटांना वेगवेगळा गहू दिला होता. ताजा ताजा विकिरण केलेला गहू ज्यांनी खाल्ला त्यांच्या रक्तातल्या काही पेशींत गुणसूत्रांचे जादा संच दिसले, असं त्यांनी मांडलं. गहू काही आठवडे साठवून मग दिला तेव्हा परिणाम कमी दिसला. जगभर खळबळ उडाली. दुसरीकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगांत असं काही आढळत नव्हतं. एकाच देशातल्या दोन सरकारी संस्था, आणि दोन विरुद्ध निष्कर्ष.

सरकारने दोन्हींची कागदपत्रं तपासायला दोन तज्ज्ञ नेमले. एक जनुकशास्त्रज्ञ पी. सी. केशवन आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे. १९७६ मध्ये त्यांनी अहवाल दिला की उपलब्ध आकडे हैदराबादच्या निष्कर्षांना आधार देत नाहीत. प्रत्येक गटात पाचच मुलं होती, आणि एवढ्या लहान गटावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं अवघडच.

पुढे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटना, अन्न आणि कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने जगभरचा अभ्यास पाहून सांगितलं की सरासरी १० किलोग्रेपर्यंतच्या मात्रेने अन्नात विषारी धोका निर्माण होत नाही. भारतात कांदा, बटाटा आणि मसाले यांना परवानगी मिळाली ती १९९४ मध्ये.

हे वाचल्यावर माझी भीती बरीचशी गेली. पण एक गोष्ट मनात राहिली. त्या पाच-पाच मुलांच्या आईबापांना आपल्या मुलांना काय खाऊ घालताहेत याची किती कल्पना असेल? अन्न सुरक्षित आहे की नाही हे तज्ज्ञ ठरवतील. पण माझ्या ताटात काय केलेलं अन्न आहे, हे मला सांगायलाच हवं. लेबल त्यासाठी आहे. ग्राहक संरक्षण कायद्याने २०१९ मध्येही माहितीचा हक्क हा ग्राहकाच्या हक्कांत धरला आहे, त्यामागे हाच विचार आहे.

लेबल गप्प कुठे बसतं

आता अवघड भाग. फूल पाकिटावर असतं. पण सगळं अन्न आपल्यापर्यंत पाकिटातून येत नाही.

समजा विकिरण केलेली मिरची पूड एका कारखान्याने घेतली आणि चिवड्यात वापरली. चिवड्याच्या पाकिटावर फूल असावं का? इथे देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. युरोपीय संघात घटक कितीही थोडा असला तरी घटकांच्या यादीत त्याच्यापुढे विकिरणाचा उल्लेख करावा लागतो. अमेरिकेत मात्र अख्ख्या पदार्थावर प्रक्रिया असेल तरच फूल आणि ओळ लागते. अनेक घटकांच्या पदार्थात मिसळलेल्या मसाल्यासाठी ती लागत नाही, हॉटेलातल्या ताटासाठीही नाही. 'कोडेक्स' हा जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे तो युरोपच्या बाजूचा : घटक विकिरण केलेला असेल तर यादीत सांगा. मला विचाराल तर हेच बरोबर आहे. सांगायला शाईच्या दोन शब्दांपलीकडे खर्च नाही.

दुसरी जागा म्हणजे सुटा माल. २०२४ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या बफर साठ्यातल्या एक लाख टनांपर्यंत मालावर विकिरण करण्याची योजना मांडली, म्हणजे पावसाळ्यानंतर भाव भडकणार नाहीत. कल्पना चांगली आहे. चाळीत सडून जाणारा कांदा पाहिलेला कुठलाही शेतकरी त्याचं महत्त्व सांगेल. पण कांदा आपण घेतो तो ढिगातून, किलोवर. गोणीवर फूल असेलही, पण गोणी फोडून ढीग केला की फूल गोणीबरोबर गेलं. अमेरिकेत आणि युरोपात यावर साधा उपाय आहे : सुटा माल असेल तर ढिगाशेजारी पाटी लावायची. आपल्याकडे भाजीवाला भावाची पाटी लावतोच. त्याच पाटीवर एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

आणि ज्याने विकिरण करूनही लेबलवर लिहिलंच नाही, तो सापडणार कसा? सापडतो. मसाल्याला शेतातल्या मातीचे बारीक खनिज कण चिकटलेले असतात. किरणांची थोडी ऊर्जा त्या कणांत अडकून राहते. प्रयोगशाळेत ते कण वेगळे काढून तापवले की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, आणि यंत्र ती मोजतं. युरोपात अशा तपासण्या नेमाने होतात आणि न सांगता विकिरण केलेला माल पकडलाही जातो.

फूल नको म्हणणारे

काही उत्पादक म्हणतात, फूल काढून टाका, लोक उगाच घाबरतात आणि चांगला माल पडून राहतो. माझ्या भाचीची पेटी आठवली की त्यांचं दुखणं मला कळतं. पण उपाय चुकीचा आहे.

मसाल्यातले जंतू आणि कीड मारायचे दुसरेही मार्ग आहेत. एक म्हणजे वाफ. दुसरा म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू. हा वायू माणसात कर्करोग घडवणारा म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेला आहे, आणि युरोपात अन्नासाठी तो चालत नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली ती याच वायूच्या अंशावरून. आता गंमत बघा : वायू दिलेल्या मसाल्याच्या पाकिटावर कुठलंही फूल नसतं. म्हणजे दोन पाकिटं शेजारी ठेवली तर विकिरण केलेलं पाकीट खरं बोलतं म्हणून आपण ते परत ठेवतो, आणि जे काहीच बोलत नाही ते पिशवीत टाकतो.

म्हणून फूल पुसायचं नाही. उलट, बाकीच्या प्रक्रियांनीही बोलावं असं म्हणायचं. आणि आपण, ग्राहकांनी, खरं बोलणाऱ्या पाकिटाला शिक्षा देणं थांबवायचं.

फूल काय सांगत नाही

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. फूल म्हणजे उत्तम मालाचं प्रमाणपत्र नव्हे. विकिरणाने जंतू कमी होतात, पण आधीच बुरशी लागून तयार झालेलं विष जात नाही. कीटकनाशकांचे अंश जात नाहीत. भेसळ जात नाही. सडलेला माल ताजा होत नाही. काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, विशेषतः ब-१, जशी ती शिजवतानाही घटतात. फ्रिजमध्ये ठेवायची वस्तू फ्रिजमध्येच ठेवायची. आणि विकिरण केलेला कांदा किंवा बटाटा बियाण्यासाठी लावू नका, तो उगवणार नाही.

मात्रेचं भानही हवं. ऑस्ट्रेलियात मांजरांच्या आयात खाद्यावर अन्नाच्या नेहमीच्या मर्यादेहून कितीतरी जास्त मात्रा दिली जात होती. ते खाऊन अनेक मांजरांच्या मज्जासंस्थेला इजा झाली, आणि २००९ मध्ये तिथे मांजरांच्या खाद्यावर विकिरण बंद केलं गेलं. माणसांच्या अन्नाला मर्यादा, परवाना आणि नोंदी का लागतात, याचं हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाकिटावरचा परवाना क्रमांक म्हणजे त्या नोंदींपर्यंत जाणारा धागा.

मग आपण काय करायचं

पहिलं, फूल दिसलं तर शेजारच्या ओळी वाचा. कशासाठी केलं, कधी केलं, परवाना कुणाचा. तिन्ही उत्तरं असतील तर घाबरायचं कारण नाही. घ्यायचं की नाही, ते तुमच्या आवडीवर. कुणाला नकोच असेल, तर त्याला तोही हक्क याच लेबलने दिलेला आहे.

दुसरं, फूल आहे पण तपशील नाहीत, किंवा तपशील खोटे वाटतात, तर पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तुम्ही इंदूरला असा, बेंगळुरूला असा की दिल्लीला, हा क्रमांक सगळीकडे चालतो.

तिसरं, परदेशात राहणाऱ्या मुलाबाळांना हे सांगा. तिकडच्या हापूसच्या पेटीवर ती ओळ दिसणारच.

बेळगावच्या काकांना मी उत्तर लिहिलं, की पाकीट फेकू नका, मागची बाजू वाचा आणि तारखेचा फोटो मला पाठवा. त्यांनी पाठवला. सगळे तपशील जागेवर होते. 'आज त्याचीच आमटी केली,' असं खाली लिहिलं होतं.

आणि भाचीला? तिच्या 'का?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. सगळं वाचून झाल्यावर मी तिला फोन केला, चूक कबूल केली. ती हसली आणि म्हणाली, "मामा, आता हंगाम संपला रे." पुढच्या मे महिन्यात तिने पुन्हा पेटी आणली. या वेळी फोटोत दोन गोष्टी होत्या : एका कोपऱ्यात पेटीवरचं ते हिरवं फूल, आणि मध्ये कोपरापर्यंत रस ओघळलेला अडीच वर्षांचा माझा नातू.

तुमच्या स्वयंपाकघरातही एखादं असं पाकीट असेल. आज संध्याकाळी जरा शोधा, शेजारच्या ओळी वाचा आणि काय लिहिलंय ते मला कळवा. पुढच्या भागात आपण पाकिटामागची घटकांची यादी कुठल्या क्रमाने लिहिलेली असते ते पाहू.